प्रभारी, अतिरिक्त, पुढील आदेशापर्यंत : वैद्यकीय शिक्षणाचा कारभार बघणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
राज्यातलं सरकारी वैद्यकीय शिक्षण ज्यांच्या सहीने चालतं त्या सर्व मंत्री, सचिव आणि संचालक साहेबांना,

सनविवि.

अर्ज करून झाले, स्मरणपत्रं झाली, योग्य त्या मार्गाने निवेदनं पाठवून झाली, सगळ्यांचे आवक नंबर माझ्याकडे आहेत. उत्तर एकाचंही नाही. म्हणून आता चारचौघांत लिहितेय, म्हणजे निदान पेशंट, पालक आणि आमच्याकडे शिकणाऱ्या पोरांना तरी कळेल की आत काय चाललंय.

लिहायचं निमित्त म्हणजे परवा हातात पडलेली एक ऑर्डर. आमच्या विभागातलं सहयोगी प्राध्यापकाचं पद बरीच वर्षं रिकामं आहे, त्याचा "अतिरिक्त कार्यभार" मला दिलाय, तात्पुरत्या स्वरूपात, पुढील आदेशापर्यंत. आणि खाली नेहमीची ओळ, या कार्यभारामुळे नियमित पदोन्नतीचा किंवा सेवाज्येष्ठतेचा कोणताही हक्क प्राप्त होणार नाही. म्हणजे काम करायला मी लायक आहे हे तुम्हाला मान्य आहे, त्या कामाचं पद द्यायला मात्र नाही. हे गप्प बसून सहन करणं आता जमत नाही.

मी कोण ते सांगते. मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिन विभागात सहायक प्राध्यापिका आहे, म्हणजे सहयोगीच्या एक पायरी खाली. एमडी झाले, सिनियर रेसिडेंट म्हणून राबले, मग सुरुवातीची वर्षं १२० दिवसांच्या ऑर्डरवर काढली, नंतर लोकसेवा आयोगाची जाहिरात आली तेव्हा मुलाखत देऊन कायम झाले. शिकवायला लागून दहा वर्षं उलटून गेलीत आणि दारावरची पाटी तीच आहे. बाहेर प्रॅक्टिस टाकली असती तर काय झालं असतं हे घरचे आणि नातेवाईक दर दिवाळीला सांगतात, ते सोडा. मला शिकवायला आवडतं, वॉर्डात राऊंड घेताना एखाद्या पोराला पहिल्यांदा प्लीहा हाताला लागते तेव्हा त्याचा चेहरा बघायला आवडतो, म्हणून इथे आहे. पण आवडतं म्हणून कितीही वर्षं एकाच पायरीवर उभं करून ठेवा असा त्याचा अर्थ होत नाही ना.

आता नियम काय म्हणतो ते बघू, कारण "पात्रता बघावी लागेल" हे वाक्य मी फार ऐकलंय. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या, म्हणजे एनएमसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे (२०२५ मध्ये त्यांच्या जागी नवे आले, ते पुढे सांगते) सहयोगी प्राध्यापक व्हायला चार वर्षं सहायक प्राध्यापक म्हणून अनुभव लागत होता, दोन संशोधन पेपर लागत होते, तेही ठराविक इंडेक्समधल्या जर्नलमध्ये आणि पहिल्या तीन लेखकांत नाहीतर करस्पाँडिंग, म्हणजे पत्रव्यवहार करणारा लेखक म्हणून नाव हवं होतं, केस रिपोर्ट, म्हणजे एकाच पेशंटची हकीकत, चालत नव्हता. शिवाय वैद्यकीय शिक्षणपद्धतीचा बेसिक कोर्स आणि बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स. त्यापुढे तीन वर्षं सहयोगी म्हणून काढली आणि एकूण चार पेपर झाले की प्राध्यापक. हे सगळं माझं कधीच झालंय. आणि माझंच कशाला, प्रत्येक सरकारी कॉलेजात असे लोक सापडतील. एनएमसीच्या हिशोबाने ज्यांनी आज प्राध्यापक असायला हवं ते आमच्या हिशोबाने अजून सहायक.

हे नुसतं पाटीचं दुखणं नाही हे समजावं म्हणून एक प्रसंग सांगते. मागे फायनल एमबीबीएसची प्रॅक्टिकल होती. ज्यांनी कधी जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी, या परीक्षेला खरेखुरे पेशंट लागतात, लाँग केस आणि शॉर्ट केस, आणि ते गोळा करायचं काम सहायक प्राध्यापक आणि रेसिडेंटचं. आम्ही आठवडाभर आधीपासून फोनाफोनी करतो, मायट्रल व्हॉल्व्हचा आवाज स्पष्ट ऐकू येणाऱ्या एका आजी आहेत त्यांच्या मुलाला सांगतो की आईला घेऊन ये, येण्याजाण्याचं भाडं देऊ, जेवण देऊ, अर्धांगाचा एखादा पेशंट डिस्चार्जला आलेला असतो त्याला दोन दिवस थांबा म्हणून हातापाया पडतो. तर त्या दिवशी मी आजींना बेडवर बसवून, चादर नीट करून, त्यांना "आज्जी, पोरं विचारतील तेवढंच सांगा, आजाराचं नाव सांगायचं नाही हं" असं बजावत होते आणि एक्सटर्नल एक्झामिनर आले. बघते तर माझ्याच युनिटमधून एमडी झालेला मुलगा. माझ्यासमोर हिस्ट्री घ्यायला शिकलेला. तो पास होऊन एका खाजगी मेडिकल कॉलेजात गेला, तिथे वर्षं भरली तशी पुढची पदं मिळत गेली, आता तो परीक्षक आणि मी पेशंट लावणारी. बिचारा इतका अवघडला की खुर्चीवर बसेना, "मॅडम तुम्ही बसा" करत होता. मीच म्हटलं, बस बाबा, वेळ होतोय. त्याच्याबद्दल माझ्या मनात काडीचा राग नाही, चांगला डॉक्टर आहे आणि परीक्षाही नीट घेतली त्याने. पण त्याला आता कोणत्या तोंडाने सांगू की सरकारी कॉलेजात परत ये?

खाजगीत सगळं सोवळं आहे असं मी म्हणत नाहीये. तिथले पगार, तिथला दबाव, इन्स्पेक्शनपुरते दिसणारे चेहरे, सगळ्यांना सगळं माहितीये. पण पात्र माणसाला पुढचं पद वेळेत देणं एवढी एक गोष्ट त्यांना जमते, कारण त्यांना माहितीये की नाही दिलं तर तो जाईल. सरकारला वाटतं हा जाणार कुठे, पेन्शन आहे, क्वार्टर आहे. (पेन्शन! आमच्यातले बरेच जण २००५ नंतरचे, त्यांना जुनी पेन्शनही नाही, पण तो वेगळा विषय.)

आता तक्रारी एकेक करून मांडते.

सगळ्यात आधी, पदोन्नती रिकाम्या जागेला बांधलेली आहे आणि जागा रिकामी असली तरी फाईल हलत नाही. सेवाज्येष्ठता यादी आधी तात्पुरती लागते, मग तिच्यावर हरकती, मग अंतिम यादी, ती लागेपर्यंत पुढच्या वर्षाची तात्पुरती लागायची वेळ होते. मग बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षणाची याचा तक्ता, तपासून यायची, मग गोपनीय अहवाल, मत्ता व दायित्वाचं विवरण, विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला. यातला एक कागद कमी पडला की एकाची नाही, अख्ख्या विषयाची फाईल थांबते. आमच्याकडे एका सहकाऱ्याचा एका वर्षाचा गोपनीय अहवाल लिहायचा राहिला आणि लिहिणारे साहेब रिटायर होऊन गेले, आता तो कागद आणायचा कुठून हे कोणीच लेखी सांगत नाही, फोन केला की "बघतो" म्हणतात. मधल्या काळात बरोबरीचे काही जण आयोगाच्या सरळसेवेच्या जाहिरातीत अर्ज करून, सुट्टी टाकून, मुंबईला जाऊन परत एकदा मुलाखत देतात, आपण आधीच जे काम करतोय त्याच कामासाठी. आणि ती जाहिरात कधी येईल याचाही नेम नाही.

केंद्र सरकारने आपल्या डॉक्टरांसाठी २००८ मध्येच डीएसीपी, म्हणजे कालबद्ध पदोन्नतीची योजना लावली, त्यात रिकाम्या जागेशी संबंधच ठेवला नाही, ठराविक वर्षं आणि समाधानकारक काम झालं की पुढची श्रेणी. एम्समध्ये पण असेसमेंटवर पदोन्नती होते. मेडिकल सोडा, आपल्या गावातल्या आर्ट्स-सायन्सच्या सिनियर कॉलेजातल्या प्राध्यापकांना युजीसीची कॅस, म्हणजे ठराविक वर्षांनी पुढची श्रेणी देणारी योजना आहे, त्यांनाही त्रास आहे, फायली त्यांच्याही अडकतात, पण निदान कॅसचे कॅम्प लागतात आणि माणसाला आपली तारीख माहीत असते. एमबीबीएसच्या पोरांना शिकवणाऱ्यांनी काय घोडं मारलंय?

दुसरी गोष्ट जुन्या सेवेची. १२० दिवसांच्या ऑर्डरवर जे राबले त्यांना दर ऑर्डरच्या मध्ये एकदोन दिवसांचा तांत्रिक खंड. कागदावर त्या दिवशी आम्ही नोकरीत नव्हतो, वॉर्डात मात्र होतो, कारण पेशंटला तांत्रिक खंड नसतो. करोनाच्या काळात पण हेच चालू होतं, पीपीई घालून ड्युटी आणि खिशात संपत आलेली ऑर्डर. आता ज्येष्ठता मोजताना ती वर्षं धरायची की नाही यावर प्रत्येकाचं मत वेगळं, म्हणून लोक कोर्टात, म्हणून यादीला स्थगिती, म्हणून सगळेच लटकलेले. आणि बायकांचं तर विचारूच नका. तात्पुरत्या नेमणुकीत बाळंतपण आलं की ऑर्डर पुढे वाढलीच नाही, मग मूल तीनचार महिन्यांचं झालं की नवीन अर्ज, नवीन ऑर्डर, आणि ज्येष्ठतेत मोठं भगदाड. ज्या विभागाच्या प्रसूतीगृहात आपण आयांना आराम करा सांगतो त्याच विभागातल्या डॉक्टरला ही वागणूक.

तिसरं, संशोधन. पेपर मागता ते बरोबरच आहे, शिक्षकाने संशोधन केलंच पाहिजे, मी त्या नियमाच्या बाजूची आहे. पण करायचं कधी? सकाळी ओपीडी, मग राऊंड, मग लेक्चर, दर काही दिवसांनी चोवीस तासांची इमर्जन्सी. २०१९ च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम आला, चांगला आहे, पण त्याच्याबरोबर आलेली लॉगबुकं, छोट्या ग्रुपची सेशन्स, एटकॉमचे (डॉक्टरची वृत्ती, नीती आणि संवाद शिकवायचे) तास, मेंटॉर-मेंटीच्या मीटिंगा हे सगळं उतरंडीत सगळ्यात खाली जो उभा आहे त्याच्याच डोक्यावर येतं, आणि खाली उभे कोण तर आम्हीच, वर जाऊच देत नाही तर दुसरीकडे उभे राहणार कुठे. त्यात २०२५ च्या मे महिन्यापासून आधारची चेहरा दाखवून हजेरी, जीपीएससकट, ७५ टक्के भरलीच पाहिजे. हजेरीला माझा विरोध नाही, गैरहजर राहणाऱ्यांमुळे आमचंच काम वाढतं. पण मी हजर होते हे मोजायला यंत्रणा आहे आणि हजर राहून मी काय केलं, किती वर्षं केलं, हे मोजायला नाही, हे विचित्र वाटत नाही का तुम्हाला?

आमच्या वॉर्डात जे येतं ते जगात सगळीकडे येत नाही. खरिपात फवारणीच्या विषबाधा, पावसाळ्यात साप, कर्ज आणि कीटकनाशक यांचं जे नातं आहे ते तर आम्ही व्हेंटिलेटरवर बघतो. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचं काम करून ऐंशीच्या दशकात ते लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आणलं, कुठल्या मोठ्या इन्स्टिट्यूटमध्ये बसून नाही. ते मोठेच आहेत, पण प्रत्येकाने बावस्कर व्हावं या भरवशावर राज्याचं धोरण चालत नाही. आम्हाला साधा स्टॅटिस्टिशियन मिळत नाही, एथिक्स कमिटीची मीटिंग लांबते, चांगल्या ओपन ॲक्सेस (वाचकाला फुकट, लेखकाला फी) जर्नलची फी पगारातून भरावी लागते. केंद्राने एक देश एक सबस्क्रिप्शन योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये ६००० कोटींची मंजुरी दिली, सरकारी कॉलेजांना हजारो जर्नल्स मिळणार असं वाचलं, आमच्या लायब्ररीत लॉगिन कोणाकडे आहे हे अजून शोधतोय. मग काय होतं, पैसे घेऊन काहीही छापणारी दुकानं आहेतच. नियम पूर्ण करायला लोक तिकडे जातात, आणि मग आपणच म्हणायचं की आपल्याकडे संशोधनाचा दर्जा नाही.

चौथी गोष्ट नव्या कॉलेजांची. ९ ऑक्टोबर २०२४ ला एका दिवसात राज्यात दहा सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ, सगळी मिळून ९०० जागा. गडचिरोलीच्या पोराला गडचिरोलीत एमबीबीएस करता यावं यापेक्षा चांगली गोष्ट नाही, हे मी मनापासून म्हणते. पण शिकवणारे कुठून आणले? जुन्या कॉलेजातून, प्रतिनियुक्तीवर. लग्नघरात शेजारची भांडी उसनी आणतात तसे सहयोगी आणि प्राध्यापक इकडून तिकडे फिरतात, आणि इथे जे उरतात त्यांना प्रभारी. तुमच्याकडे नव्या कॉलेजांसाठी वरच्या पदांची इतकी टंचाई आहे आणि त्याच वेळी पात्र सहायक प्राध्यापक पदोन्नतीच्या रांगेत उभे आहेत, या दोन गोष्टी एकाच टेबलावर कोणी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या आहेत का? आमच्यातल्या कित्येकांना सांगा, नव्या जिल्ह्यात जा आणि सहयोगी म्हणून रुजू हो, उद्या सामान बांधतील.

हे प्रभारीपण कुठवर जातं ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलंय. नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं. मग खासदार आले आणि त्यांनी डीनच्या हातात झाडू देऊन टॉयलेट साफ करायला लावलं, व्हिडिओ घरोघरी गेला. ते डीनही प्रभारीच होते. मृत्यूंची कारणं अनेक असतात, पेशंट उशिरा येतात, लांबून रेफर होऊन येतात, मी सगळं खापर रिकाम्या जागांवर फोडणार नाही. पण जबाबदारी पूर्ण, अधिकार अर्धा आणि पद पुढील आदेशापर्यंत, अशा माणसाकडून हॉस्पिटल चालवून घ्यायचं आणि काही झालं की झाडू त्याच्याच हातात द्यायचा, हे बरोबर नाही.

आणि पाचवी गोष्ट, ज्याने खरं तर आमच्या जखमेवर मीठ पडलं. एनएमसीने २०२५ मध्ये नियम बदलले. आता २२० किंवा त्याहून जास्त खाटांच्या सरकारी हॉस्पिटलात दहा वर्षं काम केलेला पीजी (पदव्युत्तर शिकलेला) डॉक्टर, त्याने आधी कधी शिकवलं नसलं तरी, थेट सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो, रिसर्चचा कोर्स नंतर दोन वर्षांत केला तरी चालेल. जिल्हा रुग्णालयातल्या त्या डॉक्टरांबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही, त्यांच्या हाताखालून जेवढे पेशंट गेलेत त्यातून पोरं खूप शिकतील, त्यांना जरूर आणा. पण त्यांची दहा वर्षं मोजली जातात आणि त्याच दहा वर्षांत शिकवून, पेपर लिहून, कोर्स करून बसलेल्यांची मोजली जात नाहीत? उद्या आमच्या विभागात असे एक सर सहयोगी म्हणून आले तर मी त्यांना सहायक म्हणून रिपोर्ट करणार आणि लेक्चर कसं घ्यायचं, लॉगबुक कसं तपासायचं हे पण मीच शिकवणार.

विद्यार्थ्यांचं नुकसान लगेच दिसत नाही म्हणून कोणाला पर्वा नाही. वरच्या पदांवर माणसं किती यावर पीजीच्या जागा ठरतात. मी सहयोगी झाले नाही म्हणजे माझे काही हजार रुपये बुडाले एवढंच नाही, त्या विभागाच्या वाढू शकणाऱ्या एमडीच्या जागाही अडल्या, म्हणजे रात्री वॉर्डात असणारा एक रेसिडेंट कमी, म्हणजे तुमच्या आईला छातीत दुखायला लागलं तर तिला बघायला येणारा हात एक कमी. आणि हुशार पोरं हे सगळं बघतात. एमडी पास झालेल्यांना मी विचारते, शिकवायला राहणार का, तर हसतात आणि म्हणतात, मॅडम, तुमच्याकडे बघून नको वाटतं. बाँडचं वर्ष काढतात आणि जातात. पगाराचं कारण देणारे त्यात थोडे आहेत, पुढे रस्ताच दिसत नाही म्हणून जाणारे जास्त.

तर मागण्या अशा आहेत, कोणत्याच अवाजवी नाहीत.

केंद्राच्या डीएसीपीसारखी, रिकाम्या पदाशी न जोडलेली, कालबद्ध पदोन्नती सरकारी वैद्यकीय अध्यापकांना लावा. आणि लाभ एनएमसीची पात्रता पूर्ण झाल्या तारखेपासून द्या, समितीला वेळ मिळाला त्या तारखेपासून नको. ही एकच मागणी पूर्ण केली तरी बाकीच्या निम्म्या तक्रारी आपोआप संपतील.

तोपर्यंत, आहे त्या पद्धतीत, दर वर्षी १ जानेवारीची सेवाज्येष्ठता यादी ठरलेल्या मुदतीत वेबसाइटवर टाका आणि पदोन्नती समितीची बैठक वर्षातून दोनदा, आधी जाहीर केलेल्या तारखांना घ्या. एखाद्याचा कागद कमी असेल तर त्याची एकट्याची जागा राखून बाकीच्यांना पुढे जाऊ द्या. गोपनीय अहवाल लिहिणारा रिटायर झाला असेल तर काय करायचं याचं एक पानी परिपत्रक काढा, फोनवर "बघतो" नको.

तात्पुरत्या नेमणुकीची सलग सेवा, तांत्रिक खंड माफ करून, अनुभव आणि ज्येष्ठतेसाठी कशी धरायची ते एकदाच ठरवून शासन निर्णय काढा. प्रसूती रजेमुळे कोणाचीही सेवा तुटणार नाही हे त्यात स्पष्ट लिहा.

प्रभारी नेमणुकीला सहा महिन्यांची मर्यादा घाला. त्यानंतर एक तर ते पद नियमित भरा, नाहीतर जो काम करतोय त्याला त्या पदाचा पगार द्या आणि तो अनुभव धरा.

बाहेरून थेट सहयोगी प्राध्यापक घेण्याआधी त्या विषयातल्या आतल्या पात्र लोकांच्या पदोन्नत्या पूर्ण करा. नव्या कॉलेजांत जायला तयार असलेल्यांना तिथली पदं आधी विचारा.

आणि आठवड्यातला एक अर्धा दिवस संशोधनासाठी, रोटेशनने, ड्युटीच्या तक्त्यात लिहून द्या. त्याबरोबर प्रत्येक कॉलेजला एक स्टॅटिस्टिशियन आणि प्रकाशनाच्या फीसाठी थोडा निधी. ज्या कॉलेजात लायब्ररीचं लॉगिन आलंय तिथून दुसऱ्यांना द्या म्हणावं, यात तर पैसेही लागत नाहीत.

संप, कामबंद यातलं काही मी लिहीत नाहीये, कारण त्यात आधी मरतो तो पेशंट, आणि तुम्हालाही ते माहीत असतं म्हणूनच आम्हाला कोणी घाबरत नाही. मी फक्त लेखी उत्तर मागतेय. कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य, अमान्य असेल तर का, आणि पदोन्नती समितीची पुढची बैठक कोणत्या तारखेला. तारीख वेबसाइटवर टाकली तरी पुरे, वेगळं पत्र नको.

कळावे,

एक सहायक प्राध्यापिका (आणि सध्या प्रभारी सहयोगी प्राध्यापिका),
मेडिसिन विभाग,
मराठवाड्यातलं एक सरकारी मेडिकल कॉलेज